एका कुलपाचे चार पुठ्ठे

गुरुजी वेडे आहेत असं तेव्हा सिलवासातली अर्धी माणसं म्हणायची. उरलेली म्हणायची, वेडे कसले, वेड पांघरून पेडगावला चाललेत. मी पहिल्या अर्ध्यातला. मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते भर उन्हात. छत्री होती, पण ती मिटून काखेत. तोंडाने मोठ्याने "एकशे सदुसष्ट, एकशे अडुसष्ट" असं करत रस्त्याच्या मधोमध चालत होते. मी ओट्यावर रंधा मारत बसलो होतो. माझ्यासमोर थांबले.

"मिस्त्री, तुमचं पाऊल केवढं?"

मी म्हटलं, "चपलेएवढं."

हसले नाहीत. खिशातून सुतळी काढली, खाली बसले आणि माझं पाऊल मोजून सुतळीला गाठ मारली. मग "एकशे एकोणसत्तर" म्हणून पुढे गेले. आमची ओळख ती एवढी.

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही धड नाही. लिहायला बसलोय कारण घरात आता बोलायला कोणी नाही. जमना, माझी बायको, माघात गेली. मुलगा आहे, सून आहे, डोकमर्डीला खोली आहे, टीव्ही आहे. पण बोलायला कोणी नाही. जमना गेल्यापासून गुरुजी रोज आठवतात. का ते पुढे येईल.

गुरुजी चिपळूणकडचे. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, गेला, मग काही वर्षांनी दिल्लीचं सरकार आलं, शाळा वाढल्या, आणि मुंबईकडून, कोकणातून मास्तर नि कारकून यायला लागले. त्यातले एक. बाकीचे मास्तर इथे आले की पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज खिशात घेऊन फिरायचे. इथला मच्छर, इथलं पाणी, इथली गुजराती मिसळलेली मराठी, सगळ्याला नाकं मुरडायचे. गुरुजींना मात्र सगळ्याचं नवल. आमच्याकडे बायको नवऱ्याला अरेतुरे करते याचं नवल. ताडी सकाळची वेगळी आणि दुपारची वेगळी लागते याचं नवल. स्वतः पीत नव्हते, पण पिणाऱ्याला विचारून लिहून घ्यायचे. एका खोलीत एकटे राहायचे. सकाळी पेज, संध्याकाळी पेज. कोणी जेवायला बोलावलं तर जायचे आणि जेवता जेवता विचारायचे, "फिरंगी गेला त्या दिवशी तुमच्या घरात काय शिजलं होतं?" माणसाचा घास हातात राहायचा.

आणि माणसं सांगायची. तेच मोठं नवल. कारण आधी कोणी विचारलंच नव्हतं.

शाळेत एक कोपऱ्यातली खोली मोकळी होती. गुरुजींनी ती मागून घेतली आणि जुन्या वस्तू जमवायला लागले. फिरंग्यांच्या सिपायाची टोपी. एक घंटा. एक वही, जिच्यातलं अक्षर कोणाला लागत नव्हतं. एक बाटली, तळाशी काहीतरी काळपट राहिलेलं. वस्तू मांडायला फळ्या लागत होत्या, म्हणून मला बोलावलं. मी मापं घेत होतो तर भिंतीवर एकेका वस्तूखाली दोनदोन, तीनतीन पुठ्ठे टांगलेले. चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे, वाण्याकडून मागून आणलेले. बाटलीखाली तीन होते. एकावर लिहिलं होतं, दारू. दुसऱ्यावर, औषध. तिसऱ्यावर, पाद्री म्हणतात शिरका.

मी म्हटलं, "गुरुजी, वास घेऊन बघा ना. एका मिनिटाचं काम."

"घेतला. मला दारू वाटली."

"मग बाकीचे दोन काढा."

"माझं नाक चिपळूणचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही घ्या."

मी घेतला. मला आंबट वास आला, शिरकाच वाटला. पुढे जो येईल तो बूच काढून वास घ्यायला लागला आणि चार महिन्यांत बाटलीत वासच राहिला नाही. गुरुजींनी चौथा पुठ्ठा लावला: आता कशाचाच वास येत नाही. आमच्यामुळे.

पुठ्ठ्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. वर सांगणाऱ्याचं नाव. त्याखाली तो त्या वेळी कुठे उभा होता ते. मग त्याचं म्हणणं. माणूस आला आणि "मी सांगतो तुम्हाला काय झालं" म्हणाला की गुरुजी हात वर करायचे. "झालं ते नंतर. आधी उभे कुठे होता?" आणि उभा कुठे होता ते सांगितलं की त्याला घेऊन तिथे जायचे, उभं करायचे आणि चालायला लावायचे. पावलं मोजत. त्या दिवशी भर उन्हात तेच चाललं होतं. कोणीतरी सांगितलं होतं की तो झाडाआडून चौकीचं दार बघत होता. गुरुजी चालून बघत होते की तिथून दार दिसतं का.

जो तिथे नव्हता, नुसतं ऐकून सांगत होता, त्याचा पुठ्ठा समोरच्या भिंतीवर. ती भिंत लवकर भरली.

आता कुलपाचं सांगतो.

गावाच्या वरच्या अंगाला फिरंग्यांची एक लहान चौकी होती. फिरंगी गेला तो पावसाळ्यात. बाहेरून स्वयंसेवक आले होते, तेही एका झेंड्याखालचे नाहीत. एक टोळी ह्या पक्षाची, एक त्या पक्षाची, एकमेकांशी धड बोलत नव्हते. गावातलेही काही जण ह्यांच्यात गेले, काही त्यांच्यात. त्या चौकीच्या दाराचं कुलूप गुरुजींच्या खोलीत आलं. हाताच्या पंजाएवढं लोखंडी, एका बाजूने चेचलेलं. आणि ते तोडणारे दोन होते.

एक दामूशेट. लाकडाच्या डेपोचे मालक. ते नदीकडून आलेल्या टोळीत होते. म्हणायचे, आंब्यापासून ओहोळ ओलांडून एका दमात धावलो आणि पहारीने कुलूप उडवलं. दुसरे रतनभाई. त्यांचं किराण्याचं दुकान. ते रस्त्याकडून आलेल्या टोळीत. म्हणायचे, कुलूप मी दगडाने फोडलं, दामू तर झेंडा लागल्यावर आला. "ए तो पाछळथी आव्यो, मास्तर. चहा प्यायला आव्यो."

गुरुजींनी दामूशेटना आंब्याखाली नेलं. मी होतो, अजून दहाबारा माणसं होती. दामूशेट धोतर सावरून निघाले. ओहोळापर्यंत कसेबसे गेले आणि दगडावर बसले.

"अकरा वर्षांपूर्वी पोट केवढं होतं?" गुरुजींनी विचारलं. खरंच विचारलं, चेष्टा नाही.

"निम्मं," दामूशेट धापा टाकत म्हणाले.

गुरुजींनी लिहून घेतलं: पोट निम्मं.

रतनभाईंना दगड दाखवायला सांगितला. केवढा दगड? त्यांनी इकडेतिकडे बघून एक उचलला. गुरुजींनी तो वजन करायला रतनभाईंच्याच दुकानात नेला. रतनभाई म्हणाले, "मास्तर, माझ्या तराजूवर भरवसा आहे ना?" गुरुजी म्हणाले, "नाही, म्हणून तर दोनदा करू."

दोन पुठ्ठे लागले. मग रोज भानगड. दामूशेट म्हणणार, त्याचा वर लागलाय. रतनभाई म्हणणार, याचा दारातून आधी दिसतो. गुरुजींनी मला पाणसळ घेऊन बोलावलं आणि दोन्ही पुठ्ठे केसभरही वरखाली होणार नाहीत असे लावून घेतले. दर सोमवारी शाळा भरायच्या आधी डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. ते काम माझं. जगात कुठल्या सुताराने असलं काम केलं असेल असं वाटत नाही. शिवाय एक नियम होता. ज्याचा पुठ्ठा लागायचा त्याने आधी समोरच्याचा पुठ्ठा मोठ्याने वाचायचा, उभं राहून, सगळा. रतनभाई दामूशेटचा वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला थांबले. "हे खोटं आहे."

"असेल. वाचा."

"मी माझ्या तोंडाने खोटं कसं वाचू?"

"तुमच्या तोंडाने तुमचं सांगून झालंय. आता त्यांचं."

रतनभाईंनी वाचलं. शेवटाला आल्यावर म्हणाले, "बोलायला हुशार आहे दामू." आणि आपला पुठ्ठा परत मागून दोन शब्द घालून घेतले.

मला हे सगळं पोरखेळ वाटायचं. मी तोंडाळ माणूस, एकदा त्यांना म्हटलं, "म्हणजे तुमच्या लेखी सगळ्यांचंच खरं. मग खोटं कोण बोलतो गावात?"

तेव्हा गुरुजी चिडलेले मी बघितले. पहिल्यांदा आणि शेवटचं.

"सगळ्यांचं खरं कसं असेल?" ते म्हणाले. "कुलूप एकदाच उघडलं. एका माणसाने उघडलं. कोणी ते मला अजून कळलेलं नाही. कळलेलं नाही ते कळलंय म्हणून कसं लिहू? मी तेव्हा चिपळूणला वह्या तपासत होतो. तुम्ही होता का इथे?"

मी नव्हतो. मी भिलाडला एका शेटच्या घराची दारं बसवत होतो. पंधरा दिवस पावसाने अडकलो. परत आलो तेव्हा फिरंगी गेलेला होता, झेंडा लागलेला होता, आणि जमनाने पेज ठेवली होती. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "गेले." मी जेवलो.

जमना चौकीत झाडूपाणी करायची. दोन वर्षं. आमचं लग्न नवं होतं, घरात नागलीशिवाय काही नव्हतं, आणि चौकीवाले झाडूपाण्याचं रोज देत होते. फिरंगी गेल्यावर मी ते कोणाला सांगायचो नाही. तीही नाही. गावात तेव्हा कोण फिरंग्यांचा, कोण आपला, याची वाटणी चालली होती. तिच्यात आपलं नाव नको.

गुरुजींना कसं कळलं देव जाणे. मी डेपोत होतो आणि ते घरी येऊन गेले. ओट्यावर जमना नागली पाखडत होती. गुरुजी बसले असतील, विचारलं असेल कुठे उभी होतीस. मी संध्याकाळी आलो तर ती नेहमीसारखी. भाकर थापताना म्हणाली, "गुरुजी येऊन गेले."

"काय म्हणाले?"

"बसले घटकाभर."

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी मला पुठ्ठा दिला. म्हणाले, दोघांच्या मधोमध लावा, त्याच ओळीत. मला वाचायला वेळ लागतो. मी खोलीच्या बाहेर, कडुलिंबाखाली बसून एकेक अक्षर लावलं.

जमना, मिस्त्रींची बायको. चौकीत झाडू मारायची. चौकीच्या दारात उभी होती. ती सांगते: आदल्या दिवशी दुपारी सिपाई गेले. एक जण तापाने फणफणला होता, तो मागे रेंगाळला. त्याला मी पेज दिली. जाताना त्याने कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली, कारण सकाळी मी झाडायला येणारच होते. सकाळी मी गेले आणि कुलूप किल्लीने उघडलं. लोक नंतर आले. मी मागच्या दाराने निघाले. बाजूने बघितलं, त्यांनी उघडं कुलूप दाराला अडकवून चेचलं. का चेचलं ते मला ठाऊक नाही. किल्ली ओहोळात टाकली. भीती वाटली.

खाली तिचा अंगठा.

मी तो पुठ्ठा हत्यारांच्या पेटीत ठेवला, पटाशीखाली. गुरुजी रोज विचारायचे, लावला का? मी म्हणायचो, खिळे संपलेत. सुताराकडचे खिळे संपले. त्यांनी एकदाही उलटं विचारलं नाही.

आता खरं ते लिहितो. ती खोटं बोलत नाही हे मला पुठ्ठा वाचायच्या आधीपासून ठाऊक होतं. कुलूप फळीवर बसवताना मी ते दोन दिवस हातात खेळवलं होतं. कुलूप मारून तोडलं की कडी वाकते, कडीची खाच फाटते, आतली जीभ बाहेर राहून मोडते. या कुलपाची कडी सरळ होती. खाच शाबूत. जीभ आत गेलेली, किल्लीने जाते तशी. चेचलेलं होतं ते नुसतं वरचं अंग. उघड्या कुलपाला मारलं होतं. कुठल्याही सुताराच्या पोराने सांगितलं असतं. तेव्हा मला वाटलं, असेल काही, आपल्याला काय करायचंय. पुठ्ठा वाचल्यावर कळलं की आपल्यालाच करायचंय.

दामूशेटच्या डेपोचं काम मी धरून होतो. नव्या सरकारी घरांची दारं, खिडक्या, सगळं लाकूड तिथून आणि सगळं काम माझ्याकडे. आणि तापलेल्या सिपायाला पेज देणारी बाई म्हणजे गाव काय काय जोडेल ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. मी जमनाला म्हटलं, "गुरुजींना सांग, काढून टाका."

"लावलाय कुठे अजून?" ती म्हणाली. "पेटीत आहे ना तुझ्या."

तिला वाचता येत नव्हतं. पण माझ्या पेटीत काय असतं ते तिला सगळं ठाऊक असायचं.

"सांग त्यांना."

"मी सांगितलं ते झालेलं सांगितलं. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. तुला काढायचं तर तू काढ."

मग सरकारचे एक मोठे साहेब येणार असं ठरलं. चौकीच्या जागी दगड बसवायचा होता, संगमरवरी, त्यावर दोन ओळी. साहेबांनी ऐकलं होतं की शाळेत एक मास्तर हेच सगळं जमवतो. म्हणून खोली बघायला येणार आणि ओळी ठरवणार. आदल्या दिवशी गुरुजी माझ्या ओट्यावर आले आणि नुसता हात पुढे केला. मी पेटी उघडली आणि पुठ्ठा दिला. त्यांनी स्वतः खिळा मारला. वाकडा मारला. मधला पुठ्ठा दोन बोटं खाली लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाचा खिळा वाकडा गेल्याचं बरं वाटलं नाही.

साहेब आले. मुंबईकडचे, सभ्य माणूस, घाईत. दामूशेट एका बाजूला, रतनभाई दुसऱ्या बाजूला, दोघेही इस्त्रीत. बायकांना पाणी द्यायला बोलावलं होतं, त्यात जमना. साहेबांनी टोपी बघितली, घंटा वाजवली, बाटलीचा वास घेतला आणि काही येत नाही म्हणाले. मग कुलपापाशी आले. तीन पुठ्ठे वाचले.

"मास्तर, यातलं दगडावर कुठलं घालू?"

"तीनही," गुरुजी म्हणाले.

"दगड केवढा आहे माहीत आहे का?"

"मोठा घ्या."

साहेब हसले. "लोक दगड वाचायला उभे राहतात ते काय झालं ते कळावं म्हणून. कोर्ट भरवायला नाही. एक काहीतरी ठरवावं लागतं."

"मग लिहा, इथे एक कुलूप होतं आणि ते कसं उघडलं यावर गाव भांडतं. ते तरी नक्की आहे."

रतनभाईंनाही हसू आलं. साहेबांनी मधल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "ही जमना कोण?"

ती दारात तांब्या घेऊन उभी होती. म्हणाली, "मी."

"हे खरं आहे?"

"हो."

एवढंच. हो. खोलीत पंचवीसतीस माणसं होती. दामूशेट माझ्याकडे वळले. रागाने नाही, उलट प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून. "साहेब, भांडायचं कशाला? मिस्त्री आहे इथे. कुलपातलं त्याच्याइतकं कोणाला कळतं? तिचा नवरा आहे, आमचाही माणूस आहे. दोन्हीकडचा. तोच सांगेल."

साहेबांनी कुलूप फळीवरून काढून माझ्या हातात दिलं. "बघा बरं. तोडलंय की उघडलंय?"

मी बघितलं. बघायचं काही नव्हतं, तरी उलटसुलट केलं. कडी सरळ. खाच शाबूत. मी म्हटलं, "तोडलंय साहेब."

जमना पाणी द्यायला लागली. साहेबांना दिलं, दामूशेटना दिलं, मला दिलं. मी प्यायलो.

दगडावर शेवटी एकच ओळ आली: येथील चौकीचे कुलूप गावच्या वीरांनी तोडले. नाव कोणाचंच नाही. दामूशेट आणि रतनभाई दोघेही नाराज. त्या दिवसापासून दोघे एकत्र बसून त्या दगडाला नावं ठेवायला लागले. अकरा वर्षांचं भांडण एका ओळीने मिटलं. साहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी स्वतःची पाठ थोपटली असती.

साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी पुठ्ठे बदलायला गेलो. मधला अजून तिथेच, वाकडाच. आणि त्याखाली एक चौथा.

मिस्त्री. तेव्हा भिलाडला होते. आता कुलूप हातात घेऊन बघितलं. म्हणतात, तोडलेलं आहे.

दुसरं काही नाही. एक शब्द वावगा नाही. गुरुजी बाजूला बसून पेजेचं भांडं धूत होते. म्हणाले, "बरोबर लिहिलंय का? वाचून बघा. काही घालायचं असलं तर सांगा." मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर जेवढे सोमवार मी त्या खोलीत गेलो तेवढे सोमवार माझं खोटं माझ्याच हाताने पाणसळ लावून नीट केलं. ती शिक्षा होती असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटतं, नव्हती. त्यांच्या लेखी मी एक सांगणारा होतो, बाकीच्यांसारखा.

वर्षभरात त्यांची बदली झाली. साहेबांमुळे म्हणतात, कोणी म्हणतं त्यांनीच मागितली. मी त्यांची ट्रंक बसपर्यंत नेली. बस यायला वेळ होता. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही तसं का म्हणालात? रागाने विचारत नाही हं. मला समजून घ्यायचंय."

म्हणजे त्यांनीही कडी बघितली होती.

मी म्हटलं, "डेपोचं काम होतं."

"एवढंच?"

"आणि त्या सिपायाला दिलेली पेज."

त्यांनी मान हलवली, नवी गोष्ट कळल्यावर हलवायचे तशी. म्हणाले, "हे पुठ्ठ्यावर असायला हवं होतं. लोकांना तेही कळलं असतं, की असं होतं." मग बस आली. वापीपर्यंत उभ्याने गेले असतील, गर्दी होती. पुन्हा भेटले नाहीत. एक पत्र आलं होतं, त्यात विचारलं होतं की ताडीचे भाव काय आहेत.

खोली पुढे शिवणवर्गाला दिली. वस्तू पोत्यात भरून कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही. कुलूपही गेलं. पुठ्ठे कोणी चुलीत घातले असतील.

जमनाने त्यानंतर कधी विषय काढला नाही. मीही नाही. संसार झाला. तीन मुलं, एक गेला, दोन राहिली. भांडलो, बोललो, जत्रांना गेलो. ते एक सोडून सगळं बोललो.

यंदा पौषात ती इस्पितळात होती. छातीत पाणी झालं होतं. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलेलं. मी बाजूच्या स्टुलावर. मला आता लपवायला काही उरलं नव्हतं, डेपो जाऊन तीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "जमने, ते कुलूप उघडलेलंच होतं. मला ठाऊक होतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुला ठाऊक होतं ते. दोन दिवस हातात घेऊन बसला होतास. तुझ्या हाताला कळणार नाही होय."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तू विचारलं नाहीस. गुरुजींनी विचारलं तर त्यांना सांगितलं. तू भिलाडहून आलास, काय झालं म्हणालास, मी म्हटलं गेले, आणि तू जेवायला बसलास."

नर्स येऊन सलाईन बघून गेली. मग मी स्टूल जवळ ओढलं आणि विचारलं. साठ वर्षांनी विचारलं. "कुलूप उघडलंस. मग काय केलंस?"

"आत गेले."

"मग?"

"कोणी नव्हतं. मोठ्या सिपायाची खुर्ची होती, टेबलामागे. तिच्याखालून रोज झाडायचे मी, तो पाय उचलायचा नाही. तिच्यात बसले."

"तू?"

"हो. थोडा वेळ. पाऊस पडत होता बाहेर. मग उठले नि झाडून घेतलं. लोक येणार होते ना."

हे पुठ्ठ्यावर नव्हतं. गुरुजींनासुद्धा तिने सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "कशी होती खुर्ची?"

तिने डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली.

"डुगडुगत होती," ती म्हणाली. "एक पाय आखूड होता. तू असतास तर नीट केली असतीस."